आंबवलेले सोयाबीन आणि उसना पुरावा

आंबवलेल्या सोयाबीनचा अर्क त्वचेत ‘खोलवर’ शिरतो, ओलावा टिकवतो आणि डाग घालवतो, असे क्रीमच्या जाहिराती एका दमात सांगतात. या तिन्ही दाव्यांमागचा पुरावा मात्र एका जातीचा नाही.

पहिल्यात तथ्य आहे. सोयाबीनमधील जेनिस्टीनसारखी आयसोफ्लेवोन द्रव्ये बहुतांशी ग्लुकोजला जोडलेली असतात. कोजी बुरशी किंवा बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू आपल्या विकराने ही साखर तोडतो. रेणुभार ४३२ वरून २७० वर येतो. पाचशेच्या वरचे रेणू त्वचेतून सहसा जात नाहीत, असा एक ठोकताळा आहे. पण येथे दोन्ही रेणू त्याच्या आतलेच. खरा फायदा असा की, साखर सुटलेला रेणू स्निग्ध पदार्थात अधिक विरघळतो आणि त्वचेच्या बाह्य थरातील फटी स्निग्ध द्रव्यांनीच भरलेल्या असतात.

ओलाव्याचे श्रेय पॉलिग्लुटामिक आम्लाला. जपानी नात्तोला सुटणाऱ्या चिकट तारा त्याच्याच. हा रेणू पाणी उत्तम धरतो, पण त्याचा रेणुभार अनेकदा लाखांत असतो. तो ‘खोलवर’ कसा जाणार? तो वरच राहतो. पाणी धरून ठेवण्याचे काम स्वस्त ग्लिसरीनही करते!

खरी गफलत डागांच्या बाबतीत आहे. रंगपेशींत तयार झालेले रंगकण शेजारच्या पेशींकडे जाण्याची क्रिया सोयाबीनमधील ट्रिप्सिनरोधक प्रथिने रोखतात, असे २००१ मध्ये पेन व सहकाऱ्यांनी दाखवले. मात्र ही प्रथिने उष्णतेने निकामी होतात. सोयाबीन शिजवून खाण्याचे एक कारण तेच. आता नात्तो काय किंवा कोजी काय, दाणे आधी वाफवून मऊ करतात आणि मगच विरजण लावतात. म्हणजे कच्च्या सोयाबीनचा पुरावा शिजवलेल्याच्या नावावर खपवला जातो.

कोजीत ८-हायड्रॉक्सिडेडझीन हे नवे द्रव्य तयार होते आणि ते टायरोसिनेज या रंगनिर्मितीच्या विकराला अडवते, हे खरे. पण २००७ मधील तो प्रयोग अळंबीच्या टायरोसिनेजवर झाला होता. अळंबीचे विकर बाजारात सहज मिळते, म्हणून अशा चाचण्यांत तेच वापरतात. माणसाचे विकर रचनेने वेगळे आहे.

राहिला प्रश्न मात्रेचा. वेष्टनावरील घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापतात, पण एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. सुगंधी द्रव्ये आणि परिरक्षके यांच्या घोळक्यात सोयाबीन दिसले, तर ते किती आहे हे त्या यादीवरून कळत नाही.