पेटीवाल्यांची फटफटी

गेल्या गणपतीत धरमतरच्या पुलावर मी खाडीचा खारा वारा खात उभा होतो. एवढ्यात पोयनाडच्या अंगाने एक फटफटी कानठळ्या बसवीत आली. गाडी ओळखीची होती. आवाज मात्र परका. यामाहा आर-एक्स १००! आमच्या दादाकडे हीच होती. तिच्यावर मागे बसून मी कार्लेखिंडीचा चढ कितीदा चढलो असेन. पण असा आक्रस्ताळेपणा तिने कधी केला नाही.

एस्कॉर्ट्‌स कंपनीने ही गाडी १९८५ साली आपल्याकडे आणली. सिलिंडर अवघा ९८ घनसेंटिमीटरचा, जोर सुमारे ११ अश्वशक्तीचा आणि वजन शंभर किलोच्या आसपास. तिचे सारे सौंदर्य या प्रमाणात आहे. त्याच सुमारास आलेली हीरो होंडाची सीडी १०० काटकसरी गृहस्थाला रुचली, आणि ते योग्यच होते. आमच्या दादाच्या पगाराला यामाहाचे पेट्रोल झेपत नसे. तरी त्याने ती विकली नाही.

रसिकांना एक मौजेची गोष्ट सांगतो. यामाहाचे मूळ घराणे पेटीवाल्यांचे! तोराकुसू यामाहा यांनी १८८७ साली बाजाची एक पेटी दुरुस्त केली, तिथून हा व्यवसाय सुरू झाला. फटफटी आली ती १९५५ साली. आपल्या आर-एक्सच्या इंजिनातही पेटीच्या सुरासारखी पातळ पत्ती असते. ती मिश्रणाला आत घेते, मागे फिरू देत नाही. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, म्हणून एवढ्याशा देहात एवढी चपळाई. पण सिलिंडरातले ताजे मिश्रणही धुराबरोबर निसटू पाहते. सायलेन्सरच्या निमुळत्या पोटावर आपटून परतणारी दाबाची लाट त्याला आत ढकलते. म्हणजे सायलेन्सर हा इंजिनाचाच अवयव. तो कापून आवाज वाढविणारे तरुण तिचा जोरच घालवून बसतात. नाट्यपदाला साथ करणाऱ्या पेटीचा भाता फाडून तिला मोठी म्हणावे, तशातला हा प्रकार!

तरीही काही मिश्रण निसटतेच, आणि त्यासोबत तेलही जळते. निळा धूर हा तिच्या गुणाचाच दोष. १९९६ साली धुराचे नियम कडक झाले, त्याच साली तिचे उत्पादन थांबले. मला वाईट वाटले, पण नियम चुकला असे मी म्हणणार नाही. दादाच्या मागे बसून घरी आलो की माझ्या सदऱ्याला तेलकट वास येई आणि आई तो अंगणातच उतरवायला लावी.

पुलापलीकडे चहाच्या टपरीवर तो तरुण भेटला. गाडी त्याच्या वडिलांची.

“मूळचा सायलेन्सर कुठे आहे रे?”

“माळ्यावर पडलाय, काका.”

“विकतोस?”

त्याने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी त्याच्या घरातल्या देव्हाऱ्याची किंमत विचारली होती.