प्रधान, स्नेहप्रभा

हिंदी व मराठी चित्रपटांतील नायिका, रंगभूमीवरील अभिनेत्री व आत्मचरित्रकार. जन्म नागपूर येथे, शिक्षकी पेशातील मातापित्यांच्या पोटी. सुशिक्षित घरातील मुलीने चित्रपटात काम करणे कुलशीलाला बाधक मानले जाई, अशा काळात त्यांनी या व्यवसायात प्रवेश केला.

बॉम्बे टॉकीजच्या पुनर्मिलन (१९४०) या हिंदी चित्रपटात नागपूर विद्यापीठाचे पदवीधर किशोर साहू त्यांचे नायक होते. दोघांचा विवाह झाला. परंतु तो अल्पकाळच टिकला. पुढे पहिली मंगळागौर (१९४२) या मराठी चित्रपटात त्यांनी शाहू मोडक यांच्यासमवेत नायिकेची भूमिका केली. लता मंगेशकर यांनी याच चित्रपटात लहानशी भूमिका करून पडद्यावर पदार्पण केले. शिकायत (१९४८) हा त्यांच्या नंतरच्या हिंदी चित्रपटांपैकी एक होय.

चित्रपटांच्या इतिहासात स्नेहप्रभांचा उल्लेख बहुधा दोनच नात्यांनी होतो : साहूंची पहिली पत्नी आणि लताबाईंच्या पहिल्या चित्रपटाची नायिका. हे मूल्यमापन अपुरे आहे. त्यांचे स्वतःचे कर्तृत्व रंगभूमीवर व लेखनात अधिक स्पष्ट दिसते. आचार्य अत्रे यांच्या लग्नाची बेडी (१९३६) या नाटकातील रश्मी ही त्यांची विशेष गाजलेली भूमिका. पुरुषांना भुरळ घालणारी ही व्यक्तिरेखा केवळ रूपाच्या बळावर उभी राहत नाही. तिला संवादांची सफाई लागते आणि आपल्या मोहकतेकडे त्रयस्थपणे पाहणारी बुद्धीही लागते. या गुणांवाचून रश्मी उथळ ठरते आणि नाटकातील उपरोध नाहीसा होतो.

नाटकात हास्याचा विषय झालेली विवाहाची बेडी स्नेहांकिता या त्यांच्या आत्मचरित्रात स्वानुभवाचा विषय होते. हंसा वाडकर यांचे सांगत्ये ऐका (१९७०) दुसऱ्याने शब्दांकित केलेले आहे. स्नेहप्रभांनी मात्र लेखणी स्वतः हाती घेतली. वैवाहिक कलहाची एकच बाजू येथे येते, ही या लेखनाची मर्यादा मान्य करावी लागते. तथापि जिच्याविषयी इतरांनीच बोलावे असा प्रघात होता, त्या नटीने स्वतःच्या आयुष्याचा अर्थ स्वतः लावला, यात या ग्रंथाचे मोल आहे. अभिनेत्रींच्या मराठी आत्मकथनांत त्याचे स्थान म्हणूनच महत्त्वाचे आहे. स्नेहप्रभांचे निधन १९९३ मध्ये झाले.