हजेरी लागली, मत कुठे गेलं?

रोजगार हमीच्या कामावर मस्टरवर हजेरी चढल्याशिवाय मजुरी निघत नाही, हे अल्लीपूरकरांना आम्ही सांगायला नको. आमदाराच्या हजेरीचं काय?

ग्रामपंचायत सदस्य परवानगीशिवाय सलग सहा महिने सभेला आला नाही, तर पद जाऊ शकतं. आमदारासाठी संविधानाच्या कलम 190(4) मध्ये 60 दिवसांची मर्यादा आहे. ऐकायला कडक वाटते. पण अधिवेशन नसतानाचे आणि सलग चार दिवसांहून जास्त तहकुबीचे दिवस त्यात धरत नाहीत. शिवाय 60 दिवस भरले, तरी सभागृह जागा रिक्त घोषित करू 'शकतं'. केलीच पाहिजे, असं नाही.

बरं, हजेरी लागली म्हणजे काम झालं का? 'हजर सर' म्हणून झोपी जाणारे विद्यार्थी आम्ही जन्मभर पाहिले. म्हणून नुसत्या हजेरीच्या टक्केवारीवर आमदारांचे नंबर लावणं आम्हाला अपुरं वाटतं. मत कोणत्या बाजूनं दिलं, ते सांगा ना! बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. 'होय' कोण म्हणालं, 'नाही' कोण, याची नावानिशी नोंद मतविभाजन झालं तरच राहते.

पैशाचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांमुळे उमेदवाराला मालमत्ता, कर्ज, गुन्हे शपथपत्रात लिहावे लागतात. मोठी गोष्ट झाली. पण निवडून आल्यावर? खासदाराला शपथेनंतर 90 दिवसांत सभागृहाच्या प्रमुखाकडे मालमत्तेची माहिती द्यावी लागते. लोकप्रतिनिधित्व कायद्यातली ती तरतूद आमदाराला लागू नाही. पाच वर्षांत काय वाढलं, ते पुन्हा उभे राहिले तरच कळतं.

दोष एकट्या आमदाराचा नाही. आपल्या घरच्या तेरवीला ते आले नाहीत, याचा राग आपण पाच वर्षं धरतो. विधेयकाच्या वेळी कुठे होते, हे मात्र विचारत नाही. 'उत्तरदायी' या शब्दात उत्तर आहे. पण उत्तर मागायला आधी प्रश्न लागतो.

हिवाळी अधिवेशन नागपूरला भरतं, आपल्यापासून फार लांब नाही. ते संपलं की आमदारांना गावात बोलवा, मानानं बसवा आणि तीनच प्रश्न विचारा. किती दिवस सभागृहात बसलात? कोणत्या विधेयकावर मतविभाजन मागितलंत? मालमत्तेचा कागद दरवर्षी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाल का?

तिसऱ्याला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. इच्छा असली की पुरे.