भाकरीची शिक्षा : ‘अलीगढ’ पाहताना

हन्सल मेहता दिग्दर्शित ‘अलीगढ’ (२०१६) या हिंदी चित्रपटाची चर्चा झाली ती प्रामुख्याने नायकाच्या समलैंगिकतेविषयी. मला मात्र ती एका माणसाच्या भाकरीची कथा वाटते.

कथानक सत्य घटनेवर आधारलेले आहे. डॉ. रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक आणि मराठी कवी. फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरा घेऊन माणसे त्यांच्या घरात शिरली. एका सायकलरिक्षाचालकासोबतचे त्यांचे खासगी क्षण चित्रित केले गेले आणि विद्यापीठाने त्यांना निलंबित केले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्येच प्रौढांचे असे संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले होते. तरीही शिक्षा झाली, आणि ती पोटावर झाली. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनास स्थगिती दिली. ७ एप्रिलला सर भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत आढळले.

पद डळमळले की घर, शेजार, प्रतिष्ठा हे सारे कसे एकामागून एक निसटत जाते, हे मनोज बाजपेयी यांनी विलक्षण संयमाने दाखविले आहे. हेच चित्रपटाचे बलस्थान होय.

त्याची उणीवही येथेच आहे. चित्रपट सरांसोबत राहतो. रिक्षाचालक कडेलाच उरतो. सरांपाशी कायम नोकरी होती, म्हणून निलंबनाचा लेखी आदेश होता आणि त्याविरुद्ध दाद मागता आली. रोजंदारीवर जगणाऱ्याला कोण आदेश देतो? त्याला उद्यापासून येऊ नको, एवढेच सांगितले जाते. असा माणूस मग बोभाटा होण्याआधीच काम सोडतो, पुन्हा नव्या ठिकाणी कमी पगारावर सुरुवात करतो. त्याची बढती, भविष्यनिर्वाह निधी, म्हातारपणाची तरतूद सारे तुटक राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये गुन्ह्याचा कलंक पुसला; परंतु मालकाच्या मनातील कलंक निकालपत्राने पुसला जात नाही.

लैंगिक आचरणाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण वाचकांस ठाऊक आहे. तथापि १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात त्याच प्रकरणी अशा व्यक्तींचा आदराने व करुणेने स्वीकार करावा, त्यांच्याबाबत अन्याय्य भेदभाव टाळावा, असेही सांगितले आहे. पहिला भाग आपण पाठ केला, दुसरा मात्र विसरलो. श्रमिकाच्या न्याय्य वेतनाचा कैवार घेणाऱ्या पोप लिओ तेरावे यांच्या १८९१ च्या विश्वपत्रात कोणाही श्रमिकाला वगळलेले नाही. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील धनीही अकराव्या तासापर्यंत चौकात ताटकळलेल्यांना, म्हणजे ज्यांना कोणी कामावर घेतले नव्हते त्यांना, काम देतो. त्यांच्या खासगी जीवनाची झडती घेत नाही.

आपल्या धर्मग्रामात दुकानदार आहेत, कंत्राटदार आहेत. आपल्या शाळा व इस्पितळे आहेत. नेमणूकपत्रांवर सही करणारा एक हात माझाही आहे. हा चित्रपट पाहिल्यापासून सही करताना तो हात क्षणभर थांबतो, आणि थांबावा असेच मला वाटते.