जॉर्ज फॉक्सचें ‘जर्नल’ : दोन पाठ

क्वेकर पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याचें ‘जर्नल’ ही वस्तुतः रोजनिशी नव्हे. सन १६७५ च्या सुमारास स्वार्थमूर येथें त्यानें तें आपल्या सावत्र जांवयास, थॉमस लोअर यास, सांगून लिहविलें. फॉक्सच्या पश्चात् थॉमस एलवुड यानें शोधिलेली प्रत १६९४ त छापली गेली. मूळ हस्तलिखित नॉर्मन पेनी यानें १९११ त केंब्रिजहून अक्षरशः प्रसिद्ध केलें. दोन्ही ताडून पाहतां एलवुडनें भाषा सौम्य केल्याचें व १६५४ च्या क्रॉमवेलला लिहिलेल्या पत्रांतून, फॉक्स स्वतःस ‘देवाचा पुत्र’ म्हणवितो ते शब्द, गाळल्याचें दिसतें.

यास निव्वळ लबाडी म्हणणें न्याय्य नाहीं. या पंथाच्या मूळ उपासनेंत पुरोहित नाहीं. सर्व निःशब्द बसतात, ज्यास अंतःप्रेरणा होईल तो बोलतो. मात्र ती प्रेरणा खरी कीं मनाची लहर, हें मंडळीनें पारखावयाचें असतें. कारभाराच्या सभेंतही मतें मोजीत नाहींत. सभेचा कौल लेखनिक तेथेंच लिहून वाचतो व सभा तो मान्य करते. १६७३ पासून ग्रंथही छपाईपूर्वीं लंडनच्या एका सभेपुढें ठेवीत. एलवुडची कातर याच पारखीची.

तथापि मंडळीनें काय मान्य केलें, याचा १६९४ ची प्रत पुरावा होय. फॉक्स काय बोलला, याचा नव्हे. उलटपक्षीं हस्तलिखिताचीं आरंभींचीं पृष्ठें गहाळ असल्यानें तेथें एलवुडचाच आधार; निकल्सच्या १९५२ च्या आवृत्तीनेंही तोच घेतला. सबब संग्राहकांनीं शोधित प्रत टाकाऊ मानूं नये. तींत व्यक्ति बोलते कीं मंडळी, एवढें मात्र प्रत्येक स्थळीं पाहावें.