सुरतेतील नागरी संघटन आणि विश्वासाचा प्रश्न : एका सिद्धान्ताची मर्यादा

आशुतोष वार्ष्णेय यांच्या ‘एथ्निक कॉन्फ्लिक्ट अँड सिव्हिक लाइफ’ (२००२) या ग्रंथात भारतातील सहा शहरांचा जोडीजोडीने अभ्यास आहे. अलिगढ आणि कालिकत ही जोडी अध्यापनात वारंवार येते. अहमदाबाद व सुरत यांवरील प्रकरणे मात्र सहसा वगळली जातात. वास्तविक ग्रंथाच्या मुख्य सिद्धान्ताची खरी कसोटी सुरतेतच लागते.

वार्ष्णेय यांचे प्रतिपादन असे की, शेजारधर्म आणि सणासुदीची देवाणघेवाण यांपेक्षा व्यापारी मंडळे, कामगार संघटना, राजकीय पक्ष यांतून दोन समाजांत जुळलेले संबंध तणावाच्या काळी अधिक टिकतात. सुरतेचा दाखला त्यांना वरकरणी अनुकूल आहे. डिसेंबर १९९२ च्या हिंसाचारात येथे दीडशेहून अधिक माणसे मारली गेली आणि त्यांत बहुसंख्य मुस्लिम होती. तरीही जुने शहर बऱ्याच अंशी शांत राहिले, कारण तेथे हिंदू-मुस्लिमांचे व्यापारी हितसंबंध परस्परांत गुंतलेले होते. आगडोंब उसळला तो बाहेरच्या औद्योगिक वस्त्यांत, जेथे अशा संघटना नव्हत्या.

हे वर्णन पटते. परंतु ‘संघटना नव्हत्या’ हे वर्णन झाले, कारण नव्हे. त्या का नव्हत्या, हा प्रश्न यान ब्रेमन यांनी १९९३ मध्येच ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मधील लेखात आणि पुढे ‘फूटलूज लेबर’ (१९९६) या ग्रंथात हाताळला. यंत्रमागावर बारा तासांची पाळी, मुकादमामार्फत भरती, मीटरवर मजुरी आणि हजेरीपटावर नाव नाही, अशी ही व्यवस्था आहे. जुन्या शहरात संघटना घडविणाऱ्या भांडवलानेच वस्त्यांत ती घडू दिली नाही. एकाच उद्योगाची ही दोन टोके आहेत. वार्ष्णेय त्यांना दोन वेगळ्या वस्त्या मानून चालतात.

दोन वर्षांच्या आत, सप्टेंबर १९९४ मध्ये, प्लेगची बातमी आली. काही दिवसांत लाखो लोकांनी सुरत सोडली. या पलायनाचे खापर आजही अज्ञानावर आणि अफवांवर फोडले जाते. ज्या शहरात अनेक खाजगी डॉक्टरांनीच दवाखाने बंद करून काढता पाय घेतला, तेथे मजुराने कोणाच्या शब्दावर थांबायचे होते? त्याचा निर्णय अडाणीपणाचा नव्हता. अनुभवाने शिकविलेला तो हिशेब होता.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. अधिकारी रोज सकाळी रस्त्यावर दिसू लागले, विभागांना अधिकार मिळाले, बड्यांच्या अतिक्रमणांवरही हातोडा चालला. दीड-दोन वर्षांत शहराची गणना देशातील स्वच्छ शहरांत होऊ लागली. गेलेला विश्वास परत येतो, याचे इतके ठळक उदाहरण विरळाच. मात्र तो गटार, कचरा आणि रस्त्यापुरता आला. मागाच्या खात्यात काहीच बदलले नाही. १० एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, लसकाणा भागात प्रामुख्याने ओडिया कामगार रस्त्यावर उतरले. जाळपोळही झाली. त्यांना थकलेली मजुरी हवी होती आणि गावी जायचे होते. १९९४ मध्ये निदान गाडी तरी होती.

२००२ मध्ये अहमदाबाद होरपळत असताना सुरतेत तुलनेने कमी हिंसा झाली, ही गोष्ट वार्ष्णेय यांच्या बाजूने मांडता येईल आणि ती हलकी नाही. तथापि शांतता आणि विश्वास यांत अंतर आहे. ज्याचे नाव कोठेच नोंदलेले नाही तो माणूस शांत असतो तेव्हाही संस्थेवर विसंबलेला नसतो. तो मुकादमावर किंवा गाववाल्यावर विसंबलेला असतो.

या चर्चेत एक संस्था अगदीच सुटून गेली आहे, ती म्हणजे महापालिकेची शाळा. लिंबायत-उधना पट्ट्यात खानदेशातून आलेली हिंदू आणि मुस्लिम कुटुंबे राहतात. शहराची समिती गुजरातीबरोबरच मराठी, उर्दू, हिंदी, ओडिया, तेलुगू माध्यमांच्या शाळा चालविते. मजुराच्या मुलाचे नाव कोणत्याही सार्वजनिक संस्थेच्या पटावर पहिल्यांदा चढते ते बहुधा येथेच. पण धुळे-जळगावहून आलेल्या दोन शेजाऱ्यांची मुले पुष्कळदा एक मराठी आणि दुसरे उर्दू शाळेत जाते. ही शाळा वार्ष्णेय यांच्या अर्थाने दोन समाजांना जोडणारी संस्था ठरते की वेगळे करणारी, याचा अभ्यास सुरतेच्या संदर्भात व्हायला हवा.