गुळगुळीत रेषेवरचे आकडे

विज्ञान प्रकल्पांच्या ज्या वह्या आमच्याकडे तपासायला येतात, त्यांत आलेख कागदावर पेन्सिलीने काढलेले आलेख आता अपवादानेच आढळतात. संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये आकडे भरले की आलेख तयार होतो आणि तो नीटनेटका असतो, याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यातल्या एका सोयीबद्दल. एक्सेलमध्ये बिंदू जोडताना ‘स्मूद्ड लाइन’ असा पर्याय मिळतो. तो निवडला की कोपरे असलेली रेषा नाहीशी होऊन झोकदार वक्र उमटतो. दिसायला तो थेट पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसारखा असतो. मग विद्यार्थी त्यावर पट्टी ठेवतो, दोन बिंदूंच्या मधली किंमत वाचतो आणि निष्कर्षात लिहितो. बहुतेक वेळा शिक्षकही त्यावर बरोबरची खूण करतात. ही खूण आम्हांला खटकते.

नववीतला साधा प्रयोग घेऊ. चंचुपात्रात पाणी तापवायचे आणि दर दोन मिनिटांनी तापमान नोंदवायचे. हिशोब सोपा व्हावा म्हणून आकडे आखीव घेतले आहेत: ० मिनिटाला २८ अंश सेल्सियस, मग २, ४ आणि ६ मिनिटांना अनुक्रमे ४६, ६४ आणि ८२, आणि ८, १० व १२ मिनिटांना प्रत्येकी ९८. पुण्यासारख्या साडेपाचशे मीटर उंचीवरच्या गावी पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, तेव्हा हे आकडे अगदीच कल्पनेतले नाहीत.

आता ९ मिनिटांना तापमान किती होते? पाणी उकळत होते, म्हणजे ९८. एक्सेलची गुळगुळीत रेषा मात्र ९९ दाखवते. ८ मिनिटे ४० सेकंदांपाशी ती ९९.२ पर्यंत चढते आणि मग उतरून १० मिनिटांना ९८ वर येते. म्हणजे पाणी उकळू लागल्यावर आणखी तापले आणि ज्योत तशीच असताना पुन्हा थंड झाले! उत्कलनबिंदू स्थिर असतो हे दाखवायला केलेल्या प्रयोगाच्या आलेखात तो स्थिर नसल्याचा पुरावा उमटतो. एखाद्या चौकस मुलीने ‘हा फुगवटा कशाचा?’ असे विचारले, तर शिक्षकाने काय सांगावे? अतितापन, तापमापीचा दोष असे काहीतरी सुचेलही. पण त्या फुगवट्याला भौतिक कारणच नाही. तो रेषेच्या वळणाचा आहे.

हे वळण येते कुठून? १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये रेनो या मोटार कंपनीत पिएर बेझिए हे अभियंते गाड्यांच्या पत्र्याचे आकार गणिताने कसे मांडता येतील यावर काम करत होते. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे वक्र आज संगणकाच्या चित्रकलेत सर्वत्र वापरले जातात. एक्सेलची रेषाही अशाच तुकड्यांची बनलेली असते. तिचे सूत्र आलेखावर दिसत नाही, परंतु अनेकांनी रेषा मोजून तिचा नियम शोधून काढला आहे आणि वरचे आकडे आम्ही त्याच नियमाने हाताने काढले आहेत. नियम असा: एखाद्या बिंदूपाशी रेषेची दिशा कोणती असावी, हे त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बिंदूंना जोडून ठरवायचे. ८ मिनिटांच्या बिंदूला हे लावून पाहा. अलीकडे ८२, पलीकडे ९८. दोन्ही बाजूंची सरासरी काढून रेषा त्या बिंदूतून तिरकी वर जाते. एकदा वर निघाली की १० मिनिटांच्या ९८ वर उतरण्यासाठी तिला आधी फुगावेच लागते.

शिवाय हा एकच नियम आहे असेही नाही. लिबरऑफिस या मोफत मिळणाऱ्या संचातल्या स्प्रेडशीटमध्ये गुळगुळीत रेषेचे दोन प्रकार आहेत. त्यांतली घन स्प्लाइन सर्व बिंदूंतून जाते, दुसरा प्रकार बिंदूंतून जायचेही बंधन पाळत नाही. टोकांशी वक्रता शून्य धरून घन स्प्लाइन आम्ही याच आकड्यांना लावली, तर ९ मिनिटांना ९९.२५ आणि ११ मिनिटांना ९७.६ अंश आले. आकडे तेच, प्रयोग तोच, आणि संगणकावर कोणते सॉफ्टवेअर आहे त्यावर उकळत्या पाण्याचे तापमान बदलते.

मग सरळ रेषाच बरी, असे कोणी म्हणेल. तेही पुरते खरे नाही. ७ मिनिटांना काय होते पाहा. पाणी मिनिटाला ९ अंशांनी तापत होते, म्हणून ७ मिनिटांना ते ९१ अंशांवर असणार आणि साधारण ७ मिनिटे ४६ सेकंदांना उकळणार. सरळ रेषा ९० सांगते, गुळगुळीत रेषा ९१.१. इथे वक्र जवळचा ठरला आणि ९ मिनिटांना तोच चुकला. यातली कुठलीच रेषा पाण्याला ओळखत नाही. ७ मिनिटांना ९१ हे उत्तर आम्ही तापण्याच्या वेगावरून काढले आणि ९ मिनिटांना ९८ हे उकळण्याच्या ज्ञानावरून. आलेखावरून त्यांतले एकही काढलेले नाही.

दोन ज्ञात किमतींमधली किंमत काढणे, म्हणजे अंतर्वेशन, ही काही कमअस्सल गोष्ट नव्हे. लॉगच्या पुस्तिकेतला सरासरी फरकांचा रकाना हे अंतर्वेशनच आहे. आणि ब्रह्मगुप्ताने इ.स. ६६५ मध्ये ‘खंडखाद्यक’ या ग्रंथात दिलेली रीत तर पाहण्यासारखी आहे. त्याच्या सारणीत त्रिज्या १५० धरून दर १५ अंशांना ज्या, म्हणजे आपले साइन गुणिले १५०, दिली आहे: ३९, ७५, १०६, १३०, १४५, १५०. वीस अंशांची ज्या हवी असेल तर? सरळ प्रमाणाने ५१ येते. ब्रह्मगुप्त मागचा फरक ३९ आणि पुढचा फरक ३६ यांची सरासरी ३७.५ घेतो. फरकांच्या अंतराचा निम्मा, म्हणजे १.५, घेऊन त्याचा एक तृतीयांश तो त्यातून वजा करतो (२० अंश हे १५ च्या पुढे एक तृतीयांश वाटेवर आहेत). उरतात ३७, त्यांचा एक तृतीयांश ३९ मध्ये मिळवला की ५१.३३. आधुनिक किंमत ५१.३० आहे. तेराशे वर्षांपूर्वीच्या रीतीला हे छानच म्हणायचे.

आता गंमत पाहा. मागच्या आणि पुढच्या फरकाची सरासरी, हाच तर एक्सेलच्या रेषेचा बिंदूपाशी असलेला चढ! कल्पना एकच, तरी ब्रह्मगुप्ताला ती साधली आणि आमच्या चंचुपात्राला नाही. कारण ज्येचा वक्र कुठेही मोडत नाही आणि हे ब्रह्मगुप्ताला फरकांच्या क्रमातच दिसत होते: ३९, ३६, ३१, २४, १५, ५. आमच्या पाण्याचे फरक १८, १८, १८, १६, ०, ० असे आहेत. हा क्रम वाचता येणारा विद्यार्थी ८ मिनिटांच्या बिंदूवरून वक्र ओढणारच नाही. स्प्रेडशीटला फरकांचा रकाना एका मिनिटात करता येतो. तो रकाना आम्ही अजून एकाही प्रकल्पात पाहिलेला नाही.

मासिक पावसाच्या आकड्यांवर गुळगुळीत रेषा काढणे तर त्याहून विचित्र. मार्च, एप्रिल, मे शून्य आणि जूनमध्ये १२० मिलिमीटर असेल तर एप्रिल-मेच्या दरम्यान रेषा शून्याच्या खाली उतरते. उणे पाऊस! मुळात महिन्याच्या बेरजेला मधली किंमतच नसते, तिथे स्तंभालेखच हवा. आणखी एक खोड अशी की ‘लाइन’ प्रकारच्या आलेखात, आडव्या अक्षावर तारखा नसतील तर, ०, १, २, ५, १० मिनिटे समान अंतरांवर मांडली जातात. तिथे रेषा वळवा किंवा सरळ ठेवा, वाचलेला आकडा व्यर्थच. ‘स्कॅटर’ प्रकार निवडावा. ‘ट्रेंडलाइन’ हे निराळेच प्रकरण आहे. ती बिंदूंतून न जाता त्यांच्यामधून जाते आणि तिच्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे.

वर्गात करायला सोपे असे एक सुचवतो. ‘स्कॅटर’मध्ये नुसते बिंदू ठेवावेत, रेषा नको. ७ आणि ९ मिनिटांचे तापमान प्रत्येकाने अंदाजाने, कारण देऊन लिहावे. वहीत ‘मोजले’ आणि ‘अंदाजले’ असे दोन रकाने असावेत. मग पाणी पुन्हा तापवून ६ ते १० मिनिटांच्या दरम्यान दर अर्ध्या मिनिटाला वाचन घ्यावे. पाणी तेवढेच, ज्योत तीच आणि सुरुवातीचे तापमानही तेच ठेवावे, आणि तापमापीचा फुगा पात्राच्या तळाला टेकणार नाही इतके पाहावे.